फळीला फी कळत नाही

बेल्टची परीक्षा झाली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे स्टेटस बदलतात. पांढरा डोबोक, कमरेला नवा कोरा बेल्ट, हातात सर्टिफिकेट आणि शेजारी सर. खाली अभिनंदनाचे, टाळ्यांचे इमोजी. छानच वाटतं बघायला. पण तुम्ही तायक्वांदो शिकत असाल किंवा तुमचा लहान भाऊ-बहीण क्लासला जात असेल, तर एक प्रश्न विचारून बघा. क्लासमध्ये शेवटचं नापास कोण झालं होतं?

बहुतेक जण या प्रश्नावर हसतात. बेल्टच्या परीक्षेत कुणी नापास होतं का, असा तो भाव असतो. आजच्या लेखाचा मुद्दा नेमका हाच आहे. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही, तिथे पास होण्याला किंमत कुठून येणार?

हे रंगीत बेल्ट आले कुठून, ते आधी बघू. काळ्या पट्ट्याची पद्धत मूळची जपानची, ज्युदोची. १८८० च्या दशकात जिगोरो कानो यांनी ती सुरू केली. पिवळा, हिरवा, निळा अशा मधल्या रंगांचं श्रेय दिलं जातं मिकोनोसुके कावाइशी यांना. ते १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवायचे. काळ्या पट्ट्याला वर्षानुवर्षं लागतात, तोवर विद्यार्थ्याला आपण पुढे सरकतोय हे दिसायला हवं, असा त्यामागचा साधा विचार. पुढे ही पद्धत कराटेने घेतली आणि कोरियन कलांनीही. ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं १९५५ मध्ये. सोलमधलं कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र १९७२ चं, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा पदकाचा खेळ झाला.

म्हणजे रंगीत बेल्ट हा पहिल्यापासून उमेद टिकवण्यासाठीच आहे. त्यात वाईट काहीच नाही. घाटाच्या वाटेवर मैलाचे दगड लागतात, तसा. फक्त तो दगड रस्ता चालल्यावर लागला पाहिजे. घरपोच मिळाला तर काय उपयोग?

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत साधारण दहा पायऱ्या असतात, त्यांना ‘गुप’ म्हणतात. त्यानंतर ‘दान’ सुरू होतात. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येक वेळी पास, असा हिशोब धरला तर अडीच वर्षांत काळा बेल्ट कमरेला. कुक्कीवॉनचे नियम दानच्या बाबतीत बरेच कडक आहेत. पहिल्या दानवरून दुसऱ्यावर जायला किमान एक वर्ष लागतं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर तीन. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दान नाही, ‘पूम’ मिळतो. दानची नोंद कुक्कीवॉनकडे होते, तिला नंबर असतो आणि तो तपासता येतो. रंगीत बेल्टचं तसं नाही. तिथे शिकवणारे सरच परीक्षक असतात, फी घेणारेही तेच आणि निकाल लावणारेही तेच. बहुतेक सर प्रामाणिकच असतील, पण ही रचनाच अशी आहे की कुणाला नापास करायचं म्हटलं तर पहिला तोटा सरांचाच.

सरांची बाजूही समजून घेऊ. आपल्याकडे गावात क्लास चालवणं म्हणजे शाळेचं पटांगण नाहीतर मंगल कार्यालयाचा हॉल. लग्नसराईत तोही मिळत नाही. महिन्याची फी जास्त ठेवली तर पोरं येत नाहीत. टोमॅटोचा बाजार पडला की घरात आधी क्लासची फी थांबते, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगायला नको. मग परीक्षा फी, बेल्ट आणि सर्टिफिकेट हीच खरी कमाई उरते. पोराला नापास केलं तर पालक दुसऱ्या महिन्यापासून दुसरा क्लास बघणार. या कोंडीतून ‘सगळे पास’ ही पद्धत तयार होते. आठवीपर्यंतच्या ढकलगाडीतून आलेल्या आपल्या पिढीला ती ओळखीचीच वाटते. नववीत गेल्यावर काय झालं होतं, तेही आठवत असेल.

पण या परीक्षेत एक परीक्षक असा आहे की ज्याला फी कळत नाही, ओळख कळत नाही आणि रडूही कळत नाही. ती म्हणजे फळी.

फळी फोडण्याला कोरियन भाषेत ‘क्योकपा’ म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं की हा ताकदीचा खेळ आहे. खरं तर हा नेमकेपणाचा आणि वेगाचा खेळ आहे. साधारण इंचभर जाडीची पाइनची फळी घेतात, कारण तिच्या रेषा सरळ असतात. लाकूड रेषेच्या बाजूने फाटतं, आडवं फाटत नाही. घरी जळण फोडलं असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. फळी धरणाऱ्यांनी कोपरं ताठ ठेवून ती घट्ट धरायची, कारण ती मागे हलली की फटक्याचा जोर तिथेच जिरतो. मारणाऱ्याने बरोबर मध्यावर मारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नजर फळीवर नाही, फळीच्या पलीकडे ठेवायची.

कारण शेवटच्या क्षणी मन कचरतं. ‘लागेल’ असं वाटतं आणि हात किंवा पाय आपोआप मंदावतो. मंदावला की फळी फुटत नाही, आणि न फुटलेली फळी फुटलेल्या फळीपेक्षा जास्त लागते. फुटली असती तर जोर आरपार निघून गेला असता. न फुटल्यामुळे तो उलटा हाताकडे येतो. घाबरून हळू मारणाऱ्यालाच जास्त दुखतं, हा धडा कुठल्याही मोटिव्हेशनल रीलपेक्षा पक्का बसतो.

यावर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकलेले लेसर भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड मॅकनेअर स्वतः कराटेचे ब्लॅक बेल्ट होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कराटेच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहिला. कसलेल्या खेळाडूचा हात सेकंदाला दहा मीटरच्या पुढे जातो आणि माणसाचं हाड काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतं, हे त्यांनी मांडलं. म्हणजे यात चमत्कार नाही, सराव आहे. हेच मॅकनेअर पुढे अंतराळवीर झाले आणि १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेले.

आता यातली पळवाट. फळीलाही फितवता येतं. पातळ फळी आणायची, उन्हात कडकडीत वाळवायची, आधीच बारीक तडा द्यायचा. गॅदरिंगला टाळ्या मिळतात, पोरगं खूश, पालक खूश. आणि त्या पोराच्या डोक्यात एक खोटी गोष्ट कायमची बसते.

ही खोटी गोष्ट महागात पडू शकते, म्हणून तर हा लेख. ओझरहून सकाळच्या एसटीने नारायणगाव-जुन्नरला कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी मुलींच्या घरी ‘स्वतःचं रक्षण करता आलं पाहिजे’ म्हणूनच क्लास लावतात. खरी फळी फोडलेल्या मुलीला एवढं नक्की कळलेलं असतं की आपण ठरवलं तर कचरत नाही. ही कमाई मोठी आहे. पण फळी दोघांनी स्थिर धरलेली असते. स्टँडवर हात धरणारा माणूस तसा उभा राहत नाही. त्यासाठी समोरचा हलतोय, ढकलतोय, पकडतोय असा सराव वेगळा करावा लागतो. ढिली परीक्षा आणि वाळवलेली फळी यांच्यावर मिळालेला बेल्ट मुलीला सांगतो की तू तयार आहेस. ती तयार नसेल तर बेल्ट नसलेलाच बरा, निदान ती सावध तरी राहील.

दुसरा गैरसमज नोकरीचा. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते मान्य स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं आणि त्या प्रमाणपत्रांची पडताळणी होते. नुसत्या ब्लॅक बेल्टच्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाही. पोलीस भरतीच्या मैदानातही धावण्याची वेळ आणि गोळ्याचं अंतर मोजतात, बेल्टचा रंग कुणी विचारत नाही. ‘पुढे नोकरीला उपयोग होईल’ असं सांगून कुणी परीक्षा फी मागत असेल, तर नेमका कुठे आणि कसा, हे विचाराच.

कुणी म्हणेल, नापास केलं तर पोरं क्लास सोडून जातील. आपल्या गावच्या यात्रेतला आखाडा आठवा. मोठ्या कुस्त्यांच्या आधी चिल्ल्यापिल्ल्यांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सगळ्या गावासमोर कुणीतरी चितपट होतंच. अंगाची माती झटकतं, डोळे पुसतं आणि पुढच्या वर्षी परत लंगोट कसतं. पडण्याची लाज तालमीने कधी शिकवली नाही. पडून उठायचं हेच तर तिथलं शिक्षण. मग मॅटवर ती लाज आली कुठून?

मार्ग अवघड नाहीत. परीक्षा पालकांसमोर व्हावी. एका क्लासच्या परीक्षेला शेजारच्या गावचे सर परीक्षक म्हणून बोलवावेत. नापास झालेल्याची फेरपरीक्षा जादा फी न घेता व्हावी, म्हणजे निकालाचा आणि पैशाचा संबंध तुटेल. लहान मुलांची हाडं वाढीची असतात, त्यांच्या मुठींना कडक फळ्या नकोत. त्यांच्यासाठी परत जोडता येणारे प्लास्टिकचे बोर्ड मिळतात, वेगवेगळ्या ताकदीसाठी वेगवेगळ्या रंगांचे. आणि कुठली फळी, किती जाड, कितव्या प्रयत्नात फुटली, हे सर्टिफिकेटवर लिहायला काय हरकत आहे?

आपल्या हातातलं काम तर आणखी सोपं आहे. पुढच्या परीक्षेत फळी नाही फुटली तर सरांकडे ‘घ्या ना समजून’ म्हणू नका. जुना बेल्ट बांधा, पुढचे तीन महिने तीच किक मारा आणि परत उभे राहा. तेव्हा फुटलेल्या फळीचा फोटो खुशाल स्टेटसला टाका, आम्ही सगळ्यात आधी लाइक करू.