हलका दस्ता कोणासाठी, भाऊ?

सध्या आपल्या अड्याळ-पवनी भागातल्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतो आहे. परदेशातला एक शिकारी कार्बन फायबरचा दस्ता लावलेली रायफल एका हातानं उचलून दाखवतो. खाली आपली पोरं लिहितात, "शेतकऱ्याला अशी हलकी रायफल द्या, डुकरं आठ दिवसांत गायब!" थोडं थांबा गा.

त्या माणसाला हलका दस्ता का लागतो? तो शिकारीमागं दिवसभर डोंगर चढतो. अर्धा किलो कमी झालं तरी त्याच्या खांद्याला कळतं. आपली जागली मचाणावर बसून होते. बसलेल्या माणसाला वजनाचा काय त्रास? उलट तोटाच. काडतूस तेच ठेवून ३.५ किलोची रायफल २.८ किलोवर आणली, की धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. वर्षातून दोनदा चाप ओढणारा माणूस त्या धक्क्याला बिचकतो आणि नेम चुकतो. जखमी डुक्कर काय करतं, ते इथं कोणाला सांगायला नको. फायबरच्या बाजूनं एक गोष्ट खरी: पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीवर दाब येतो, नेम सरकतो. पण मुळात रायफलच आपल्या कामाची नाही.

बांध्या सपाट. चुकलेली गोळी दोन किलोमीटर जाऊ शकते, आणि तेवढ्या टापूत दुसरं कोणीतरी जागलीवर असतंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे, ते उगाच नाही. शिवाय परवाना बंदुकीचा मिळतो, डुकराचा नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. लेखी परवानगी नसेल तर मारणारा गुन्हेगार, मग दस्ता लाकडी असो की फायबरचा.

माझा राग व्हिडिओवर नाही. रायफलीच्या गप्पांत तारेची गोष्ट कोणी काढत नाही, यावर आहे. परवानगीला वेळ, भरपाईला त्याहून जास्त, म्हणून लोकं रात्री कुंपणात लाइन सोडतात. आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जय वाघाचा पोरगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडं अशाच तारेनं मेला. वाघाची निदान बातमी होते. पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी त्या तारेला लागला, तर दोन घरं बुडतात: एक मेलेल्याचं, दुसरं जेलात गेलेल्याचं.

मागायचं तर सौर कुंपण मागा. त्याचा झटका क्षणाचा असतो, डुक्कर पळतं, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत त्यासाठी अनुदान आहे. पण एकट्यानं लावलं तर डुकरं शेजारच्या बांधीत जातात, म्हणून ते सगळ्यांनी मिळून लावायचं. आणि डुकरं मारायचीच असतील, तर वनखात्यानं नेमबाज पाठवावा, तोही धान लोंबीवर येण्याआधी, कापणी झाल्यावर नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी हाच ठराव मांडणार आहे. व्हिडिओखाली अंगठे दाबणाऱ्यांनी त्या दिवशी हात वर करायला यावं.