माळाला ‘पॉइंट’ नसतो

मराठीत दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदतात. एखादी गोष्ट ‘नजरेखालून घालणे’ हा एक, आणि मुलूख ‘पायाखाली घालणे’ हा दुसरा. पहिल्यात ओझरती ओळख आहे. दुसऱ्यात परिचयाची पुरती खूण आहे. दुर्दैव असे, की डोंगरपठारांच्या बाबतीत सुशिक्षित समाजाने दुसरा वाक्प्रचार जवळजवळ टाकूनच दिला आहे. सहलीहून परतलेला नागर गृहस्थ मुलूख कसा होता हे सांगत नाही. किती ‘पॉइंट’ झाले हे सांगतो. वाहन कठड्यापाशी थांबते, दरी पाहिली जाते, छायाचित्र निघते, आणि कठड्याच्या पाठीमागे मैलोगणती पसरलेला माळ न पाहिलेलाच राहतो. ज्याला पाहण्यासारखे काही नाही असे एकदा ठरले, त्याचे काहीही करण्यास मग कोणी आडकाठी घेत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सहलीच्या अभिरुचीचा नाही. तो जमिनीच्या मालकीचा आणि मोलाचा आहे.

या प्रश्नावर ज्या भूमीत खरी झुंज झाली, ती इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात आहे. मँचेस्टर व शेफील्ड या दोन औद्योगिक नगरांच्या मधोमध ईडेल नावाचे खोरे आहे. त्यातील वस्त्यांना ‘बूथ’ म्हणतात. पूर्वी गुराख्यांनी बांधलेल्या निवाऱ्यांवरून हे नाव पडले. आपल्याकडे गोठण्यावरून गावांची नावे पडली तसेच. खोऱ्याच्या उत्तरेस किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. त्याला शिखर असे नाहीच. सर्वोच्च जागा कोणती, हे तेथे पोचल्यावरही चटकन ओळखू येत नाही. वर सगळी कुजक्या शेवाळाची शतकानुशतके साचलेली काळी माती, म्हणजे पीट. तिच्यात पाण्याने कोरलेले, माणूस दिसेनासा व्हावा इतके खोल चर. उन्हाळ्याच्या आरंभी कापूसगवताचे पांढरे झुपके, ऑगस्टात हेदर या झुडपाचा जांभळा विस्तार, आणि कोणत्याही ऋतूत अकस्मात उतरणारे धुके. एका जागी उभे राहून ‘दृश्य’ मागणाऱ्याची हे पठार निराशा करते. ते चालणाऱ्यालाच, आणि तेही थोडेथोडे, कळते.

हे पठार एके काळी अंशतः सार्वजनिक वहिवाटीचे होते. एकोणिसाव्या शतकात कुंपणबंदीच्या कायद्यांनी ते खाजगी झाले आणि पुढे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले गेले. वर्षातले मोजके दिवस काही श्रीमंतांनी बंदुका चालवाव्यात, आणि उरलेले दिवस गिरण्या-कारखान्यांतील कामगारांनी रविवारीदेखील तेथे पाऊल टाकू नये, अशी ही व्यवस्था होती. रेल्वे त्यांना खोऱ्यापर्यंत आणून सोडत होती; त्यांनी माळ खालूनच नजरेखालून घालावा, एवढीच मुभा होती. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, पश्चिमेकडील हेफील्ड गावातून काही शे तरुण निघाले आणि रखवालदारांना न जुमानता पठारावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघ्या वीस वर्षांचा होता. रखवालदारांशी झालेल्या झटापटीवरून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. दुसऱ्याच्या जमिनीवरून नुसते चालत जाणे हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हाच नव्हता. म्हणून शिक्षेसाठी दंगलीचे आरोप पुढे करावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांपैकी अनेकांना हे धाडस आततायी वाटले होते. अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने मिळत आलेले यातून गमावले जाईल, अशी त्यांची भीती होती. परंतु अर्ज-विनंत्यांचा इतिहास काय सांगतो? डोंगरांवर प्रवेश देणारे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये पार्लमेंटात मांडले. त्यानंतरच्या अर्धशतकात हाती काही लागले नाही. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ मध्ये झाला, पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये जाहीर झाले, आणि ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही पायवाट १९६५ मध्ये खुली झाली. माळावर वाट सोडूनही हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्याची वाट पाहत राहिला. तोही इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीपुरताच आहे. डार्टमूरच्या माळावर रात्री तंबू ठोकून राहता येते की नाही, हा वाद तर २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन चालणाऱ्यांच्या बाजूने मिटला. हक्क मिळतो तो असा, पावलापावलाने.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मालकांचा नसून निसर्गप्रेमींचा असल्याने गंभीरपणे घेतला पाहिजे. हजारो पावलांनी माळ उद्ध्वस्त होतो, असे ते म्हणतात. हे खोटे नाही. पेनाइन वेवरची पीट पायांखाली इतकी तुडवली गेली, की जागोजाग वाटेचा रुंद चिखलपट्टा झाला. परंतु किंडरचा माथा उघडाबोडका झाला तो मुख्यतः गिरण्यांच्या धुराड्यांतून दीडशे वर्षे बरसलेल्या आम्लाने, वणव्यांनी आणि बेसुमार चराईने. आणि त्या धुराड्यांचे धनी माळावर चालायला आले नव्हते. शिवाय उपाय कोणता झाला? कुंपण नव्हे. वाटेवर दगडी फरशा अंथरल्या गेल्या, ज्यांपैकी कित्येक पाडलेल्या कापडगिरण्यांच्या होत्या; उघड्या पीटवर पुन्हा शेवाळ व गवत रुजवले गेले. ज्यांनी माळ पायाखाली घातला होता, त्यांनाच तो दुरुस्त करावासा वाटला. कठड्यावरून पाहणाऱ्याला तसे वाटण्याचे कारणच नाही.

आता स्वतःच्या अंगणाकडे वळावे. साहेबाने महाबळेश्वरात माल्कमपेठ वसविली आणि डोंगराच्या कडांना लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर, केट अशी नावे दिली. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला. साहेब गेला, त्याची नजर तेवढी राहिली. पठार म्हणजे कडा, कडा म्हणजे कठडा, असे समीकरण पक्के झाले. मधला जो सडा, त्याला महसुली दप्तरात स्थान कोणते? पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात फुलांचे गालिचे उमटतात, खड्ड्याखड्ड्यांत पाणी साठते, गुरे चरतात. तरी कागदोपत्री तो खराबाच. याच खराब्यावर आदिमानवाने कोरलेली भव्य कातळशिल्पे आहेत. ती कोणत्याही पॉइंटवरून दिसली नाहीत. गुराख्यांना ती ठाऊक होती, आणि रत्नागिरीच्या शोधकांनी गावोगावचे सडे पायाखाली घातले तेव्हा ती अभ्यासकांना कळली. २०२२ मध्ये कोकणची कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. त्या यादीत देवाचे गोठणे आहे, तसा बारसूचा सडाही आहे. त्याच बारसूला २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षणाची यंत्रे पोलीस बंदोबस्तात चढविली गेली, आणि गावकरी उन्हात सड्यावर बसले. जमीन ओसाड आहे, असे म्हणणाऱ्यांत ती चालून पाहिलेले किती होते?

महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत शेतकऱ्याला शेतापर्यंत बांधावरून जाण्याची वाट मागता येते. ही शहाणी तरतूद आहे. परंतु ज्याला शेत नाही, ज्याला केवळ जाणून घ्यायचे आहे, त्याच्या चालण्याला कायद्यात नाव नाही. ‘वहिवाट’ या शब्दातच वाट आहे, हे मराठी कायदेपंडितांनी विसरू नये. वाट चालती राहिली तरच वहिवाट टिकते. ती मोडली, की उरतो तो सातबाऱ्यावरचा मालक आणि कठड्यावरचा प्रेक्षक. या दोघांच्या हाती सडे सोपवायचे नसतील, तर कठडे बांधण्यावर होणारा खर्च जुन्या पायवाटांच्या नोंदी करण्याकडे वळविला पाहिजे, आणि त्या नोंदी गावच्या दप्तरी लागल्या पाहिजेत. गुराखी अजून हयात आहेत, आणि वाटा त्यांना पाठ आहेत.