विद्यामंदिरातील दुसरा जिना

शाळा-महाविद्यालयांची थोरवी मोजण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. निकाल किती टक्के लागला, ग्रंथालयात पुस्तके किती, प्रयोगशाळेत उपकरणे कोणती, क्रीडांगण केवढे, हे आपण आवर्जून विचारतो. परंतु त्या वास्तूतून बाहेर पडण्याच्या वाटा किती, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न बाकीच्या सर्व प्रश्नांच्या आधी विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारण्याचा अधिकार जसा पालकांचा आहे, तसाच विद्यार्थ्यांचाही आहे.

हा विषय आपणांस परका नाही. दि. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील ‘तक्षशिला आर्केड’ या इमारतीस आग लागली. वरच्या मजल्यावर खासगी शिकवणीचे वर्ग चालत असत. वर जाणारा जिना लाकडी होता. ज्वाळांनी तोच गिळला. धुराने कोंडलेल्या मुलांना खिडकीवाचून वाट उरली नाही, आणि कित्येकांनी तेथूनच उड्या घेतल्या. २२ विद्यार्थी प्राणांस मुकले. एका तरुणाने इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर चढून काही मुलांना वाचविले. त्याच्या धैर्यास आमचे वंदन असो. परंतु जेथे मुलांचे प्राण एखाद्याच्या अचाट धैर्यावर अवलंबून राहतात, ती जागा विद्येच्या निवासास योग्य नव्हे. प्राचीन काळच्या एका महान विद्यापीठाचे नाव त्या इमारतीस होते. नाव थोर असल्याने जिना मजबूत होत नाही, हेच खरे.

सुरतेची ही दुर्घटना पहिली नव्हती. दि. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपरास लागली आणि ९४ बालके होरपळून गेली. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आली, आणि १३ एप्रिल २००९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क सामावलेला आहे. म्हणजे निर्धोक जिना ही संस्थाचालकांनी केलेली मेहेरबानी नव्हे. ते विद्यार्थ्याचे हक्काचे देणे आहे.

शिकवणीच्या वर्गांत जे घडते ते थोर संस्थांत घडत नसेल, अशी कोणाची समजूत असल्यास तीही सोडून द्यावी लागेल. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एका प्रयोगशाळेस आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन एका संशोधकाचा अंत झाला. ही नावे देशाला ललामभूत आहेत. तेव्हा धोका अज्ञानाच्याच घरी राहतो असे नाही. तो विद्वानांच्या घरीही दबा धरून बसतो.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखान्यातील कामगारांसाठी आपल्या देशात १९४८ सालीच कायदा झाला. फिरत्या यंत्रांना कुंपण हवे, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची सोय हवी, असे त्यात सविस्तर घालून दिले. परंतु तीच रसायने, तोच दाबाचा वायू, तीच वीज घेऊन प्रयोगशाळेत उभा राहणारा विद्यार्थी त्या कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ नव्हता. त्याचे रक्षण व्हायचे ते संस्थेच्या शिस्तीने आणि त्याच्या स्वतःच्या सावधपणाने.

म्हणूनच आम्हांस वाटते की, या विषयात चलथाणचे पालक हेच खरे गुरू आहेत. आमच्या विद्यार्थ्यांचे कितीतरी वडील, काका, मामा येथल्या साखर कारखान्यात किंवा कडोदरा-पलसाण्याच्या कापड गिरण्यांत राबतात. बॉयलरजवळ कसे वावरावे, फिरत्या पट्ट्यापाशी सैल कपडा का नसावा, रंगाच्या पिंपाचे झाकण उघडताना तोंड कोणीकडे असावे, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. परंतु हाच पालक मुलाला महाविद्यालयात घालावयास जातो तेव्हा संकोचून दाराशी उभा राहतो. तेथील शहाण्या माणसांना आपण काय विचारावे, असे त्याला वाटते. आमचे त्यास नम्र सांगणे आहे की, त्याने अवश्य विचारावे. त्याचे ज्ञान त्या घडीला तेथील कोणाहूनही कमी मोलाचे नाही.

काही जण म्हणतील, असे प्रश्न विचारण्यास मुलांना शिकविणे म्हणजे त्यांना उद्धट करणे होय. आम्हांस हे मान्य नाही. ‘गुरुजी, दुसरा दरवाजा कोठे आहे?’ असे हात जोडून विचारता येते. वडीलधाऱ्यांचा मान आणि स्वतःच्या जिवाची चाड यांत मुळीच वैर नाही. दुसरे काही जण खर्चाची सबब सांगतील. परंतु कुलूप काढून ठेवण्यास, जिन्याखालचे मोडके बाक हलविण्यास आणि वर्षातून दोनदा सर्वांना शिस्तीने मैदानात उतरविण्याचा सराव करण्यास खर्च तो कितीसा?

खरी उणीव पैशाची नसून सवयीची आहे. सुरतेच्या दुर्घटनेनंतर शिकवणीचे वर्ग काही काळ बंद करविले गेले, तपासण्या झाल्या, ठिकठिकाणी लाल नळकांडी भिंतीवर टांगली गेली. नळकांडे असावेच, पण त्याची खीळ ओढून नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरायची असते, हे कोणालाच ठाऊक नसेल तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत व्हावयाची.

सवय बदलत नाही, असे मात्र सुरतेच्या शेजारी राहणाऱ्याने म्हणू नये. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या साथीने या शहराची देशभर नाचक्की झाली. पुढे महापालिकेचे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत रोजची झाडलोट, रोजची देखरेख आणि जबाबदारीची वाटणी यांच्या बळावर अवघ्या दोन वर्षांत शहराचे रूप पालटले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तर सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक पटकाविला. जे झाडूने साधले, ते जिन्याच्या बाबतीत का साधू नये?

या संदर्भात आणखी एका घटकाची आठवण देणे आमचे कर्तव्य आहे. विद्यापीठ म्हणजे केवळ प्राध्यापक आणि विद्यार्थी नव्हेत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील आचारी, तारा जोडणारा मिस्त्री, शौचालय धुणाऱ्या बाई, ही सर्व मंडळी तेथेच काम करतात. फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, हे रसायनशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते. परंतु त्याच इमारतीत ती दोन्ही हाताळणाऱ्या बाईंना ते सांगितले जाते काय? त्यांच्या हातांत रबरी मोजे असतात काय? ज्या विद्यालयाचे ज्ञान वर्गाच्या उंबरठ्याबाहेर पडत नाही, ते विद्यालय अजून अपुरे आहे.

आमच्या येथून शालान्त परीक्षा देऊन कित्येक विद्यार्थी सुरतेच्या महाविद्यालयांत, पुढे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात जातील. त्यांस आमचे एवढेच सांगणे: नव्या इमारतीत पाऊल टाकताच प्रथम दुसरा जिना शोधा. तो मोकळा आहे की अडगळीने भरला आहे, हे पाहा. दाराला बाहेरून कुलूप असेल तर किल्ली कोणापाशी असते ते विचारा. धूर दाटल्यास उभे न राहता खाली वाकून, जमिनीलगत चला, कारण तापलेला धूर वर चढतो. लिफ्टच्या मोहात पडू नका. विजेच्या आगीवर पाणी ओतू नका. प्रयोगशाळेत चष्मा आणि अंगरखा यांवाचून उभे राहू नका, आणि एकटे तर मुळीच काम करू नका.

आमच्या मायबोली कोंकणीत पायरीला ‘सोपण’ म्हणतात. संस्कृत ‘सोपान’ तोच. विद्येला आपण उन्नतीचा सोपान म्हणतो, आणि ते यथार्थ आहे. परंतु ज्यावरून मूल वर चढते, त्यावरून ते संध्याकाळी सुखरूप खाली उतरून आईच्या हाकेला ओ देते, तेव्हाच त्या सोपानाचे काम पुरे होते. तेवढे काम चोख होते की नाही, हे तपासणे संस्थाचालकांचे, शिक्षकांचे, पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे, आपणां सर्वांचे आहे.