उजनीत काय सोडतो आपण?

मे महिना आला की पुण्यात पाणीकपातीची बोंब सुरू. खडकवासल्यात साठा नाही, पाऊस लांबला वगैरे. मान्य. पण वापरून झालेल्या पाण्याचं काय होतं, हे कुणीच का विचारत नाही?

साधा हिशोब आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं, असं अभियंते धरतात. माणशी 135 लिटर धरा, म्हणजे 108 लिटर. त्यातलं कितीतरी वर्षानुवर्षं प्रक्रिया न करताच मुळा-मुठेत गेलंय. तिथून भीमा, मग उजनी. आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं! आपल्याला कमी का होईना, धरणाचं पाणी मिळतं. त्यांच्या वाट्याला आपली मोरी.

नदी स्वच्छ करायला जपानी कर्जाचा करार झाला जानेवारी 2016 मध्ये. भूमिपूजन मार्च 2022 मध्ये. मधली सहा वर्षं? निविदा, फेरनिविदा. (असं शेड्यूल मी क्लायंटला दाखवलं तर दुसऱ्या दिवशी बेंचवर!)

पण सगळं खापर महापालिकेवर नको. आमच्या सोसायटीचा एसटीपी वीजबिल वाचवायला रात्री बंद ठेवतात. टँकर चुकला की अर्ध्या तासात मीटिंग भरते. एसटीपीसाठी अजून एकदाही भरलेली नाही.