चेहऱ्याची मुखत्यारी कोणाची?

अर्नाळ्यास येणाऱ्या हौशी छायाचित्रकार बंधुभगिनींस, त्यांच्या समूहांच्या चालकांस, आणि गावकऱ्यांसही, अनावृत पत्रक

मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, परंतु मासळी सुकविण्याचे खरे दिवस पाऊस पुरता मागे हटल्यावरच येतात. आणि त्याच दिवसांत, रविवारी पहाटेच्या लोकलने विरारला उतरून, खांद्याला कॅमेरा लावलेली मंडळी आमच्या किनाऱ्यावर येऊ लागतात. त्यांच्या येण्यास आमची हरकत नाही. हा समुद्र, हे सुरूचे बन, आणि १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला समोरच्या बेटावरील जलदुर्ग ही काही एका गावाची खाजगी मिळकत नव्हे. हरकत आहे ती या मंडळींच्या मनात घट्ट बसलेल्या एका समजुतीस: जे उघड्यावर दिसते ते टिपण्यास, आणि टिपलेले सगळ्या जगापुढे मांडण्यास, कोणाचीही मुभा घ्यावी लागत नाही, ही ती समजूत.

वलांडीवर, म्हणजे मासळी वाळविण्याच्या दोरीवर, बोंबील घालण्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी ते थोडे सांगितले पाहिजे. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, लगेच दुसरी जोडी उचलायची, आणि टोपल्यातली रास संपेपर्यंत मान वर करायची नाही, कारण ताजा बोंबील पाण्याने भरलेला असतो आणि वेळेत ऊन-वारा न मिळाला तर नासतो. पायाशी जवळा पसरलेला असतो, त्यावरून अनोळखी बूट फिरत असतात. अशा वेळी कोणी दोन हातांवरून भिंग रोखले, तर दोन्ही हात माशांत गुंतलेल्या त्या बाईने नको म्हणायचे तरी कसे? ती मान फिरवते, पदराचे टोक दातांत धरते. आणि नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली जाते. संध्याकाळी ते छायाचित्र इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या छायाचित्रकार समूहात चढते, खाली ‘लाजरी कोळीण’ अशी ओळ येते, आणि प्रकाशयोजनेची, चौकटीची, ‘सहज’ टिपलेल्या भावाची वाखाणणी सुरू होते. त्या बाईने केलेला नकार स्पष्ट होता; तो लाज म्हणून वाचला गेला आणि शोभा म्हणून मांडला गेला. याहून मोठी बेअदबी आम्हांस माहीत नाही. किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्या स्त्रियांस तर कित्येक वर्षे होडीतून गुडघाभर पाण्यात उतरून, एका हाताने लुगडे आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचे ओझे सावरीत वाळू गाठावी लागे; त्या अडचणीचे चित्र ज्यांनी ‘सागरकन्या’ म्हणून मिरविले, त्यांनी धक्का का नाही हा प्रश्न कितीदा विचारला, हे त्यांनीच सांगावे.

ही वृत्ती आजच्या मोबाईलने जन्मास घातली असे मानणे मात्र चूक होईल. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळीही त्या हौसेत अग्रभागी होती. त्याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांच्या आकृती एका ठिकाणी घेतलेल्या आणि पाठीमागची दृश्ये दुसरीकडची, अशी जोडणी त्याने केली होती. आणि चित्राखाली नाव आले ते जातीचे, माणसाचे नव्हे. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, साधने पालटली, राज्य पालटले. पण ‘कोळीण’ हा मथळा अद्याप पालटला नाही, ही गोष्ट स्वतंत्र देशाच्या सुशिक्षित नागरिकांनी शांतपणे विचारात घ्यावी.

कायद्याचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती अशी की १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत, चित्राची मालकी सामान्यतः टिपणाऱ्याकडेच राहते. ज्याचा चेहरा आहे त्याच्या नावे त्या कायद्यात एक कवडीही लिहिलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई कलम देहाच्या खाजगी भागांच्या चित्रणापुरते आहे. वलांडीपाशी उभ्या असलेल्या बाईस त्याचा उपयोग नाही. तथापि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात हेही स्पष्ट आले की केवळ सार्वजनिक जागी उभे राहिल्याने माणूस तो हक्क गमावीत नाही. मग ‘किनारा सार्वजनिक आहे’ हे उत्तर पुरेसे कसे होईल? किनारा सार्वजनिक आहे. त्यावरची माणसे नाहीत.

विचारले की सहजता जाते, असा या मंडळींचा मुख्य आक्षेप असतो, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण सहजता हवी असेल तर आधी टिपा, मग जवळ जा, पडद्यावर चित्र दाखवा, ‘मावशी, हे लोकांना दाखवू का?’ असे विचारा, आणि नाही म्हटले तर त्यांच्यादेखत पुसून टाका; एवढ्याने कोणती कला बुडते? लहान मुलांच्या बाबतीत आईबापांच्या होकारावाचून काहीच प्रसिद्ध होता कामा नये, आणि बुडालेल्या माणसाचा देह बाहेर काढला जात असता तेथे मोबाईल वर धरणे हे तर कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. किनाऱ्यावर उतरलेल्या कुरवांच्या थव्यात ते उडावेत म्हणून धावत जाणाऱ्यांसही हेच सांगणे आहे. दूरच्या प्रवासाने थकलेल्या जिवाची विश्रांती मोडून मिळविलेले चित्र त्या जिवाच्या बळावर उभे असते.

हौशी छायाचित्रणाचे खरे काम या गावात भरपूर पडले आहे. लाटा दरवर्षी किती आत येतात, कोणती सुरूची झाडे उन्मळली, धूपप्रतिबंधक बंधारा कोठे खचला, रात्री रेतीउपसा कोठे चालतो, किल्ल्याच्या कोणत्या बुरुजात झाडांची मुळे शिरली, याची तारीखवार चित्रे कोणी ठेवील तर तहसील कचेरीतल्या अर्जांस त्यांच्याइतका बळकट पुरावा दुसरा नाही. अन्याय करणाऱ्याची परवानगी मागत बसा असे आमचे म्हणणे नव्हे. परवानगी मागायची ती कष्ट करणाऱ्याची.

समूहांच्या चालकांनी आपल्या स्पर्धांच्या नियमावलीत एक कलम तत्काळ घालावे: ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र त्या व्यक्तीच्या होकाराच्या नोंदीवाचून स्वीकारले जाणार नाही, आणि हरकत आल्यास ते त्याच दिवशी उतरविले जाईल. आणि अर्नाळकरांनो, वलांडीपाशी कोणी कॅमेरा रोखला तर त्यास थांबवून त्याचे नाव आणि चित्र कोणत्या खात्यावर जाणार ते विचारून घ्या, घरातल्या शिकलेल्या मुलीस ते खाते उघडून पाहावयास सांगा, आणि न विचारता चढविलेले चित्र दिसले की त्याच ठिकाणी, सर्वांसमक्ष, ते काढण्याची लेखी मागणी करा.

— अर्नाळ्यातील एक रहिवासी