हवेच्या पाइपचे रील : घ्यावे कुणी आणि कोणते?

पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत भोसरी, चिंचवड, आकुर्डीकडे वसली आणि तिथे राबणारी माणसे राहायला रहाटणी, काळेवाडी, थेरगावात आली. माणसांच्या मागोमाग कामही घरी आले. नखाते वस्तीपासून तापकीर चौकापर्यंतच्या गल्ल्यांतून फिरले, तर खाली शटर आणि वर संसार अशी घरे जागोजागी दिसतात. खाली कुणाचे दुचाकी दुरुस्तीचे काम, कुणाचे डेंटिंग-पेंटिंग, कुणाचे फर्निचर पॉलिश, तर कुणाचे एक-दोन यंत्रांवरचे जॉबवर्क. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, असे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले होते. आपल्या वाचकांना ते कळायला अहवालाची गरज नव्हती.

अशा बहुतेक जागांत कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर असतो आणि त्याचा पाइप जमिनीवर लोळत असतो. त्यावरून माणसे अडखळतात, गाडीचे चाक जाते, वेल्डिंगची ठिणगी पडते. घरातले लहान मूल खाली आले की तेही त्यातच खेळते. ज्याने कंपनीच्या असेंब्ली लाइनवर काही वर्षे काढली आहेत, त्याने तिथे डोक्यावरून खाली ओढायचा आणि सोडला की आपोआप वर जाणारा पाइप पाहिलेला असतो. स्वतःच्या शेडमध्ये तसे रील लावावे असे त्याला वाटले, तर त्यात नवल नाही. आता ही रीले काही हजारांत मिळू लागली आहेत. घरी खोका मागविणेही सोपे झाले आहे. म्हणूनच या विषयावर चार स्पष्ट शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

पहिले मत असे की, रील प्रत्येकाला लागत नाही. ज्याचे काम एका टेबलापाशी चालते, दिवसातून चार वेळा धूळ उडवायची किंवा शिलाई व भरतकामाच्या यंत्रातला कापसाचा भुगा काढायचा, एवढाच हवेचा उपयोग आहे, त्याला भिंतीत ठोकलेला रुंद आकडा आणि पाच मीटरचा चांगला पाइप पुरतो. गुंडाळी झालेला स्प्रिंग पाइपही चालतो. रीलची खरी गरज त्याला, ज्याचा पाइप दिवसभर माणसांच्या पायवाटेत असतो किंवा शटरबाहेर उभ्या गाडीपर्यंत न्यावा लागतो. शेजारच्याने लावले म्हणून आपण लावायचे, आणि तेही व्याजाच्या हप्त्यावर, यात शहाणपण नाही.

आता ज्याला घ्यायचेच आहे त्याने काय पाहावे? ग्राहक बहुधा रंग पाहतो, लांबी विचारतो आणि भाव पाडतो. ज्यावर सारे अवलंबून आहे तो पाइपचा आतला व्यास, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. इथे एक घोळ आहे, तो नीट समजून घ्यावा. रबरी पाइपचे माप आपले फिटर आतून सांगतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर, चार सूत म्हणजे अर्धा इंच. पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पी. यू.च्या पाइपचे माप मात्र बाजारात बाहेरून सांगतात. ‘बारा एम. एम.’ म्हणून दिलेला पाइप आतून आठ मिलिमीटर असतो, ‘दहा’ आतून साडेसहा आणि ‘आठ’ आतून जेमतेम पाच. ज्याने पूर्वी तीन सुती रबरी पाइप वापरला, तो ‘दहा एम. एम.’ ऐकून बरोबरीचा माल मिळाला असे समजतो. घरी नेतो ते मात्र दोन सुती.

एवढ्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. पुष्कळ बिघडते. पाइपमध्ये हवेचा दाब जो वाया जातो, तो व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. व्यास थोडा कमी झाला, की नुकसान अनेक पटींनी वाढते. टाकीत सात किलोच्या आसपास दाब आहे, पाइप १५ मीटर आहे आणि हत्यार मिनिटाला दहा घनफूट हवा मागते आहे असे धरू. आतून दहा मिलिमीटरच्या पाइपात सुमारे ०.१५ किलो दाब खर्च होतो, आठच्या पाइपात सुमारे अर्धा किलो आणि साडेसहाच्या पाइपात सव्वा किलोच्या वर. पाच मिलिमीटरच्या पाइपातून तेवढी हवा नीट जातच नाही. त्यात झटपट जोडायच्या कपलरची अडचण वेगळी, कारण त्याचे आतले भोक बरेचदा पाइपपेक्षाही अरुंद असते. मग इम्पॅक्ट गनने नट सुटत नाही, स्प्रे गनचा फवारा फाटतो. कारागीर काय करतो? कॉम्प्रेसरचा दाब वाढवतो. विजेचे बिल वाढते, मोटर तापते, आणि दोष मात्र कॉम्प्रेसरच्या माथी जातो.

पवित्र कुरआनात मापात कमी देणाऱ्यांची कडक निर्भर्त्सना करणारी एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. बाहेरचे माप सांगून आतले लपविणारा दुकानदार स्वतःला त्या यादीत धरत नसेल, कारण त्याच्या मते तो बाजाराची रीतच पाळतो आहे. आमच्या मते ग्राहक रबरी पाइपशी तुलना करतो आहे हे दिसत असताना गप्प राहणे हे मापातलेच पाप आहे. आपल्या समाजातील अनेक बंधू हार्डवेअर आणि ऑटो पार्ट्सच्या व्यवसायात आहेत. ‘बाहेरून बारा, आतून आठ’ एवढे चार शब्द त्यांनी प्रत्येक ग्राहकाला आपणहून सांगावेत. ग्राहकानेही पाइपाचे तोंड दाखवा म्हणावे. खिशात पट्टी ठेवायला काही खर्च नाही.

फक्त टायरमध्ये हवा भरणे आणि धूळ उडविणे असेल, तर आतून साडेसहाचा पाइप चालेल. इम्पॅक्ट गन किंवा स्प्रे गन असेल, तर आठच्या खाली जाऊ नये. जमल्यास तीन सुती घ्यावा.

लांबीचाही मोह आवरावा. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीचा कर्ण साडेपाच मीटर भरतो. तिथे वीस मीटरचे रील कशाला? अर्धाच पाइप बाहेर ओढला, तरी हवा गुंडाळलेल्या पाइपातूनही फिरूनच येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दाबाचे नुकसान पूर्ण लांबीचे होते. जिथे रील टांगायचे त्या जागेपासून कामाच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंत सुतळी धरावी, छताची उंची त्यात आलीच, आणि वर एक मीटर सोडून तेवढाच पाइप घ्यावा.

पाइप कशाचा, हा प्रश्न रहाटणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्त महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली जी भट्टी होते, तीत स्वस्त पी. व्ही. सी. नरम पडतो, आणि थंडीत तोच ताठ होऊन रीलवर नीट गुंडाळला जात नाही. पी. यू. हलका, दिवसभर ओढून हात दुखत नाही, पण ठिणगी पडली की भोक. वेल्डिंग-ग्राइंडिंग असेल तिथे रबरच बरा, जड असला तरी. रबराचे रील जड आणि त्याची स्प्रिंगही दणकट लागते. त्यामुळे ते टांगायचे कशाला, हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

पाइपसकट रीलचे वजन पाच-दहा किलो, कधी जास्त. शिवाय दिवसातून पन्नास वेळा झटका. पत्र्याच्या शेडच्या पातळ पाइपाला किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीला ते साध्या स्क्रूने लटकविणे म्हणजे खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याशी खेळ आहे. सिमेंटच्या स्लॅबला किंवा बीमला अँकर बोल्ट मारावेत. शेड असेल, तर लोखंडी अँगलची आडवी पट्टी दोन्ही कैच्यांना वेल्ड करून तिच्यावर बसवावे. जागा भाड्याची असेल, तर भोक पाडण्यापूर्वी घरमालकाला विचारावे.

स्प्रिंगची रीले जागच्या जागी अडविणारा खटका असतो. दुकानातच चार-सहा वेळा ओढून पाहावे. कुठेही थांबवले की खटका बसला पाहिजे, आणि हलका हिसका दिला की सुटला पाहिजे. पाइप परत जाताना त्याचे टोक हातात धरून न्यावे. मोकळे सोडले तर टोकाची पितळी जोडणी चाबकासारखी फिरते, आणि तिची उंची बरोबर लहान मुलाच्या तोंडाएवढी असते. रीलचा ड्रम कधीही घरी उघडू नये. आतली स्प्रिंग ताणलेली असते, सुटली तर बोटे नेईल.

हवा ही खेळायची वस्तू नाही, हे घरगुती कारखान्यात पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण तिथे शिकाऊ पोरे असतात आणि दोन-तीन माणसांच्या जागेत सुरक्षा निरीक्षक फिरकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्याच हडपसर औद्योगिक वसाहतीत थट्टेत हवेची नळी अंगाला लावल्याने एका सोळा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. पाइप डोक्यावर, हाताशी आणि सदैव भरलेला असला की अशी थट्टा आणखी सोपी होते. कपड्यांवरची धूळ हवेने झटकण्याची सवयही मोडायला हवी. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत सफाईच्या हवेसाठी ३० पौंडांची, म्हणजे सुमारे दोन किलोची मर्यादा आहे. आपल्याकडे सर्रास टाकीचा पूर्ण दाब ब्लो गनला दिला जातो. रीलच्या आधी एक रेग्युलेटर बसवावा, त्याचा खर्च रीलच्या मानाने फार नाही.

रेग्युलेटरसोबत फिल्टरही हवा. पावसाळ्यात टाकीत पाणी साठते, ते पाइपात येते आणि रंगावर फोड उठतात. टाकीचा खालचा कॉक रोज उघडावा. हत्यारासाठी तेल सोडणारा लुब्रिकेटर असेल, तर त्याच पाइपवर स्प्रे गन कधी लावू नये. एकदा तेल लागलेला पाइप रंगकामातून बाद समजावा.

आता शेजाऱ्यांविषयी. रीलमध्ये पाइप जिथे फिरत्या सांध्याला जोडलेला असतो, तिथली रबरी रिंग काही काळाने झिजते आणि हवा गळू लागते. एक मिलिमीटरच्या भोकातून सात किलो दाबाला मिनिटाला सुमारे साठ लिटर, म्हणजे दोन घनफुटांहून अधिक हवा जाते. दोन एच. पी.च्या घरगुती कॉम्प्रेसरची मिनिटाची कमाईच सहा-सात घनफूट! टाकी रिकामी झाली की दाबाचा स्विच मोटर सुरू करतो, रात्री दोन वाजताही. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्याही आधी दीनने शेजाऱ्याचा हक्क सांगितला आहे, जवळच्याचा आणि लांबच्याचाही. भिंतीपलीकडे आजारी माणूस झोपलेला असू शकतो. रोज काम संपल्यावर टाकीचा वरचा कॉक बंद करावा, मोटरचे बटण बंद करावे आणि पाइपातली हवा गनने सोडून द्यावी. साबणाचे पाणी महिन्यातून एकदा सगळ्या सांध्यांवर फिरवावे. बुडबुडा आला की गळती सापडली.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट विचारावी. पाइप बहुधा टोकाशी, अडविणाऱ्या चेंडूच्या जवळ, झिजतो. तेवढा अर्धा फूट कापून क्लिप लावून तो पुन्हा बसविता येतो का? सुटा पाइप आणि रबरी रिंग मिळते का? स्प्रिंगची हमी किती महिन्यांची, आणि ती पक्क्या बिलावर लिहून मिळते का? आयात माल असेल, तर खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता छापलेला असलाच पाहिजे. तो वाचून घ्यावा, कारण उद्या तक्रार त्याच्याकडेच न्यायची आहे. ‘काही झाले तर पूर्ण रीलच बदला’ असे उत्तर आले, तर पैसे खिशात ठेवून दुसरे दुकान पाहावे. पिंपरीत नाही जमले, तर भोसरी आहे, नाना पेठ आहे.