सोवळ्यातली मोटार

जुन्या मोटारींच्या जगातही कर्मठ मंडळी आहेत. अमेरिकेत १९६३ सालच्या शेवरोले कॉर्व्हेटला कुणी आजचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवला, की यांच्या लेखी गाडी बाटलीच! मला हा सोवळेपणा मान्य नाही.

मुळात त्या गाडीला कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंग जादा पैसे मोजून मिळत असे. मग तेलाच्या दाबाची मदत घेणे हे पाप कसे? दोष होता रचनेत. व्हॉल्व्ह एकीकडे, जोर देणारा सिलिंडर दुसरीकडे आणि मध्ये नळ्यांचे जाळे. गळतीला वाटा भरपूर. आजच्या बॉक्समध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच पेटीत असतात. पंपाशी जोडणाऱ्या दोनच नळ्या उरतात.

‘हाताला रस्ता कळत नाही’ ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण तक्रार करणाऱ्यांच्या गाडीचे टायर पाहा! मूळचे अरुंद बायस-प्लाय काढून अनेकांनी रुंद रेडियल चढवलेले असतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग अधिक जड होते ते त्यामुळेही. टायर चालतो, बॉक्स चालत नाही, हे कुठले शास्त्र?

माझी अट एकच. चासी कापू नये आणि जुना बॉक्स ग्रीस लावून जपावा, म्हणजे पुढच्या मालकाला तो परत बसवता येईल. साठी उलटलेल्या मालकाचे खांदे दुखतात म्हणून गाडी ताडपत्रीखाली कुजू देणे, याला मी जतन म्हणत नाही. माझ्या शाळेच्या ग्रंथालयातले पुस्तक हाताळून झिजले तर मला आनंदच होतो. कुलपात वाळवीने खाल्लेले खपत नाही. मोटारीलाही हाच न्याय लागावा.